एकोणीस नंबरची मोरी

१

सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी नऊ-दहाची बस, चाळीस मिनिटं, मग चर्चच्या मागून चिखलातली पायवाट. परीक्षित ऑफिसला गेला की मी निघायचे आणि तो यायच्या आत घरी परतायचे. लग्नाला चार महिने झाले होते, ब्रिस्टलला येऊन तीन. व्हिसावर मला काम करायची परवानगी होती. मला काम द्यायची परवानगी मात्र बहुधा कुणालाच नव्हती. पुण्यात मी किचन ट्रॉल्या डिझाइन करायचे. इथे सव्वीस अर्ज केले आणि सव्वीस जणांनी इतक्या गोड भाषेत नकार दिला की त्यातली दोन-तीन पत्रं मी जपून ठेवली. मग लायब्ररीतल्या बोर्डावर एक कागद दिसला. जुनं घर दुरुस्त करायला माणसं हवीत, अनुभवाची गरज नाही. पगाराचीही नसावी, कारण त्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

घर म्हणजे प्रॉस्पेक्ट नावाच्या खेड्यातलं एकोणीस नंबर. १८४८ साली उत्तरेकडच्या गिरण्यांमधल्या चाळीस कुटुंबांनी मिळून ही ओसाड टेकडी घेतली, चिठ्ठ्या टाकून वाटून घेतली आणि प्रत्येकी चार एकर अन् एक बैठं घर असं नवं गाव वसवलं. आयुष्यभर सूत कातलेली माणसं शेती करायला आली. नावात आशा, जमिनीत खडे. दहा-बारा वर्षांत सगळी पांगली. नंतरच्या लोकांनी बाकीची घरं मागे-पुढे वाढवून ओळखू येणार नाहीत अशी केली. एकोणीस नंबरकडे कुणाचं लक्षच गेलं नाही म्हणून ते वाचलं, आणि आता एका छोट्या ट्रस्टच्या ताब्यात आलं होतं.

पुढे ओळीनं तीन खोल्या, मधली स्वयंपाकाची. तिच्या मागे उतरत्या छपराखाली एक अंधारी, फरशीची खोली. दगडी सिंक, हातपंप, कपडे उकळायचं तांब्याचं मोठं भांडं. तिथले लोक तिला स्कलरी म्हणत. मी मनातल्या मनात मोरी म्हणायचे. मोरीला मागचं दार नव्हतं. कधीकाळी होतं, ते विटांनी बुजवलेलं. वीतभर खिडकी, आणि स्वयंपाकघरातून आत शिरायला एक अरुंद दार, इतकंच. माझं काम तिथे होतं. भिंतीवर तेलरंगाचे सात थर बसले होते. ते पट्टीनं खरवडून खालचा चुना मोकळा करायचा. पिवळा, चॉकलेटी, पिस्ता, मग पुन्हा पिवळा. दिवसाला साधारण एका चादरीएवढी भिंत व्हायची.

आमची प्रमुख जीन. वय अडुसष्ट, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, गुडघे गेलेले. ती फाटकापाशी लाकडी टपरीत शब्दकोडं घेऊन बसायची आणि ब्रिस्टलच्या जुन्या माणसांसारखी बायका-पुरुष सगळ्यांना ‘माय लव्हर’ म्हणायची. एकदा तिचा घरी फोन आला तेव्हा स्पीकर चालू होता. परीक्षितनं ते ऐकलं आणि जेवताना ही कोण, किती वर्षांची, हे दोनदा विचारलं.

२

मे महिन्यात काम चालू असतानाच घर लोकांना दाखवायला सुरुवात झाली. जुन्या काळचं काम जुन्या काळच्या वेशात बघायला मिळावं अशी ट्रस्टची कल्पना. मला करड्या लोकरीचा झगा, एप्रन आणि डोक्याला बांधायचं बॉनेट मिळालं. मंगळसूत्र गळपट्टीच्या आत. लग्नात नऊवारीसाठी मावशीनं इतका हट्ट केला, तिला मी नाही म्हटलं होतं. इथे मात्र कुणीही न विचारता एकशे साठ वर्षांपूर्वीची इंग्रज शेतकरीण होऊन भिंत खरवडत बसले.

बाहेरच्या खोलीत अभिप्रायाची वही ठेवली होती. दुपारी सॅंडविच खाताना मी ती वाचायचे. ‘सुंदर.’ ‘खूप शिकायला मिळालं.’ ‘पार्किंग अपुरं.’ त्यात एक दिवस हे होतं:

‘मागच्या खोलीतल्या भारतीय बाईंनी फार मन लावून काम दाखवलं. पण बिचारी उभ्या-उभ्या झोपेल की काय असं वाटत होतं. तिला जरा बसू द्या.’

खाली तारीख तेवीस मे. मंगळवार. मंगळवारी मी घरी होते.

जीनला दाखवलं. तिनं चष्मा वर केला. “सुट्टीवरची माणसं, माय लव्हर. वार कळत असता तर ती सुट्टीवर कशाला आली असती?”

“पण वरच्या आणि खालच्या दोघांनीही मंगळवारच लिहिलाय.”

“एकानं चूक केली की पुढचा तीच बघून लिहितो. मी तीस वर्षं शाळेत काढलीत.”

हे मला पटलं. पटण्यासारखंच होतं. पुढच्या गुरुवारच्या पानावर ‘त्या भारतीय मुलीच्या हातांना काहीतरी लावायला द्या’ असं होतं, तेही मी पटवून घेतलं. चुन्यानं माझी बोटं खरंच फाटली होती. गुरुवारी मी गेले नव्हते, हे सोडलं तर लिहिणाऱ्याचं निरीक्षण अचूक होतं.

पटवून घेता आली नाही ती भिंत. बुधवारी मी खिडकीच्या चौकटीपर्यंत आले होते. शुक्रवारी जाऊन बघते तर चौकटीच्या पलीकडे दोन हात भिंत मोकळी. काम सुबक होतं. कुणी दुसऱ्यानं केलं असेल तर आभार मानावेत असं. पण मी डावखुरी आहे. सासरच्या पंगतीत उजव्या हातानं जेवते आणि अर्धा भात सांडते, पण काम डाव्यानं. पट्टीचे माझे ओरखडे उजवीकडे झुकतात, इतर सगळ्यांचे डावीकडे. त्या दोन हात भिंतीवरचे ओरखडे उजवीकडे झुकलेले होते.

म्हणजे मीच केलं असणार आणि विसरले असणार. माणूस कामाच्या तंद्रीत काय काय करतो. मी पट्टी उचलली आणि पुढे सुरू केलं.

३

थकवा तेव्हापासूनचा. आधी खांदा, मग पाठ, मग जीव. आदल्या दिवशी लवकर झोपूनसुद्धा मंगळवारी अकरा वाजता मी सोफ्यावर आडवी व्हायचे ते चार वाजता उठायचे, आणि उठल्यावर आधीपेक्षा जास्त दमलेली असायचे. सुट्टीच्या दिवशी बोटांच्या भेगा भरून यायला हव्यात. माझ्या वाढत होत्या.

परीक्षितच्या ओळखीच्या डॉक्टर सुप्रभाताई पंचवीस वर्षं इथल्या हॉस्पिटलमध्ये काम करत होत्या. त्यांनी जेवायला बोलावलं, आमटी वाढता वाढता डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त तपासायला लावलं. आठवड्यानं फोन आला.

“रिपोर्ट एकदम नॉर्मल आहेत तुझे. हिमोग्लोबिन माझ्यापेक्षा चांगलं आहे, मला जेलस व्हायला झालं. अगं, नवीन लग्न, नवीन देश, त्यात ह्या मेल्या वेदरमध्ये ऊन नाही. आम्ही सगळ्या यातून गेलोय.”

“तुम्हालाही इतकी झोप यायची?”

“मला रडू यायचं. तुझं बरं आहे की, झोप तरी लागते. आणि ते खरवडणं बंद कर बघू आधी. डिग्री घेऊन भिंती घासायला आलीस का इथे?”

परीक्षितला मात्र रिपोर्टनं बरं वाटलं नाही. लोह कमी असतं तर गोळ्या आणता आल्या असत्या. एका मंगळवारी तो ऑफिसमधून आला, बूट काढता काढता म्हणाला, “दुपारी लँडलाइनवर तीनदा फोन केला.”

“झोपले होते.”

“तीनदा?”

“एकदाच झोपले. फोन तू तीनदा केलास.”

एरवी तो हसला असता. तो माझ्या हातांकडे बघत होता. “आज गेली होतीस का तिकडे?”

“नाही रे. मंगळवार आहे.”

“नखांत चुना आहे तुझ्या.”

होता. कालचा असेल म्हटलं. रात्री आंघोळ करून, सकाळी कणीक मळून नखांत चुना राहतो का, हे मी त्याला विचारलं नाही. त्यानंही मला विचारलं नाही. आमची ओळख जेमतेम वर्षाची. त्यात पाहण्याचा कार्यक्रम, साखरपुडा आणि फोनवरचे तास धरले. एवढ्या ओळखीत माणूस खोटं बोलतंय की नाही हे कळत नाही, मग बाकीचं तर सोडाच.

ताटं वाढून झाल्यावर तो हळूच म्हणाला, “आसावरी, तुला माझ्याबरोबर राहायला आवडत नाहीये का? असेल तर सरळ सांग. हे असं दमून दमून नको दाखवूस.”

मी त्याला आवडतं म्हणून सांगितलं. खरंच आवडत होतं. पण ते सांगतानाही माझे डोळे मिटत होते, आणि तसं सांगितलेलं कोण खरं मानेल.

४

जुलैमधल्या एका शुक्रवारी जीन कुलूप लावायला घरापर्यंत आली होती. मी एप्रन खुंटीला अडकवला, मोरीचं दार ओढलं, आणि बाहेर पडले.

“आत कोण आहे?” जीन म्हणाली.

“कुणी नाही.”

“मग काहीतरी बोललीस ती कुणाशी? रोज बोलतेस. मला वाटायचं फोनवर असशील.”

मी आठवलं. “ते होय. ‘येते’ म्हटलं.”

“म्हणजे बाय?”

“म्हणजे, ‘मी येते’. आमच्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. अशुभ असतं. जाते म्हणजे कायमची जाते. म्हणून निघतानाही ‘येते’ म्हणायचं.”

“आणि घरातली माणसं काय म्हणतात?”

“‘ये’ म्हणतात.”

जीनला हे फार आवडलं. तिनं दोन-तीनदा ‘येटे, येटे’ करून बघितलं. मग काठी टेकत वाटेला लागत म्हणाली, “तू म्हणजे आठवड्यातून तीनदा त्या रिकाम्या घराला सांगतेस, मी येतेय म्हणून. आणि वर तक्रार करतेस की लोक तुला मंगळवारी बघतात.”

ती हसली. मीही हसले. बसमध्ये बसल्यावर हसू थांबलं. मार्चमधल्या पहिल्या दिवसापासून मी त्या मोरीला येते म्हणत होते. घराबाहेर पडताना तोंडातून आपोआप येतं ते. आईला, शेजारच्या काकूंना, गॅसच्या दुकानात. आपण म्हणतो आणि समोरच्याला त्याचा अर्थ माहीत असतो. ज्याला माहीत नाही, त्यानं काय समजायचं?

पुढच्या मंगळवारी मी झोपले नाही. तोंडावर पाणी मारलं, जीन्स घातली आणि नऊ-दहाची बस पकडली. स्वतःलाच सांगत होते की जाऊन बघायचं, मोरी रिकामी आहे हे बघायचं, आणि येताना दूध आणायचं. ऊन चांगलं पडलं होतं. फाटकातून एक म्हातारं जोडपं बाहेर येत होतं. आजी मला बघून थबकल्या, मग समाधानानं हसल्या.

“बरं केलंस जरा बाहेर आलीस ते. आणि तो जाड झगा काढलास तेही.”

जीन टपरीत मान खाली घालून कोड्यात बुडालेली. मी दारानं आत गेले नाही. घराला वळसा घालून मागे, मोरीच्या खिडकीकडे गेले.

खिडकीला पोचायच्या आधी आवाज आला. खर्र, खर्र, खर्र. थांबणं. मग फुंकर. परत खर्र, खर्र, खर्र. फुंकर. मी तीन ओरखडे झाले की पट्टीवरची भुकटी फुंकते. कुणी शिकवलेलं नाही, सवय आहे. मला माहीतही नव्हतं की तिचा असा आवाज येतो, कारण मी तो कधी बाहेरून ऐकला नव्हता.

जुनी काच. तिच्यातून सगळंच पाण्यातून दिसल्यासारखं हलतं. आतल्या अंधारात उन्हाचा एक पट्टा होता, त्यात भुकटी तरंगत होती, आणि त्या पट्ट्यात एक कोपर आलं. करडी बाही, कोपरापर्यंत सारलेली. डावा हात. तो वर गेला, खाली आला, वर गेला आणि तिथेच थांबला. बाहेर कुणीतरी उभं आहे हे कळल्यावर माणूस थांबतं तसा.

आणखी एक पाऊल टाकलं असतं तर चेहरा दिसला असता. मी टाकलं नाही. काचेत माझंच कोपर दिसलं, हे म्हणायची सोय मला ठेवायची होती. बसमध्ये बसून मी तेच म्हणत होते. फक्त माझे दोन्ही हात तेव्हा खिशात होते.

दूध आणायचं विसरले.

५

सप्टेंबरात परीक्षितचं प्रोजेक्ट मेडनहेडला हललं. त्यानं भीत भीत सांगितलं, आणि मी इतक्या पटकन हो म्हटलं की तो खुर्चीतच मागे रेलला.

“तुझं ते घर अर्धवट राहील ना?”

“राहू दे.”

“नक्की? नाही, तुला तिथे जायला आवडायचं म्हणून म्हटलं.”

मी त्याला काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? मला वाटतं मी मंगळवारी आणि गुरुवारी दुसरीकडे कामाला जाते, आणि त्या कामाचा थकवा तेवढा मला पोचतो? एवढ्याशा ओळखीत अविश्वास पेलत होता. हे पेललं नसतं.

शेवटचा दिवस शुक्रवार, एकोणतीस तारीख. मोरीची भिंत पूर्ण झाली होती. त्यातली निम्मीअधिक मी केलेली मला आठवत नव्हती. चुन्याचा पातळ हात मारला, बादली धुतली. चार वाजले होते. स्वच्छ उजेड होता. एप्रन घडी करून खुंटीखालच्या बाकावर ठेवला आणि मी मोरीच्या दारात, स्वयंपाकघराकडच्या बाजूला उभी राहिले.

मी ठरवून आले होते. ज्या शब्दानं हे सुरू झालं तो यावेळी म्हणायचा नाही. खरा शब्द म्हणायचा. लहानपणी एकदा शाळेला निघताना चुकून म्हटला तर आईनं परत घरात बोलावून पाट मांडून बसवलं होतं, असा शब्द. जीभ रेटेना. रिकाम्या खोलीला दोन अक्षरं म्हणायला मला घसा खाकरावा लागला.

“जाते मी,” मी म्हणाले.

पंपाच्या तोंडाशी पाण्याचा थेंब जमत होता. तो पडला.

“जाते म्हणू नये गं,” मोरीतून आवाज आला. “येते म्हणावं.”

रागावलेला आवाज नव्हता. समजूत घालणारा होता, दमलेला, काम अर्धवट टाकून बोलल्यासारखा. माझा होता.

चुन्याच्या नव्या भिंतींत आवाज घुमतो. मी जे म्हणाले त्याचाच पडसाद असेल. पण पडसाद आपलंच वाक्य परत आणतो, दुरुस्त करून नाही. मी उभीच राहिले. ती वाट बघत होती. मोठ्या माणसानं चूक दाखवली की आपण मुकाट्यानं दुरुस्त करून म्हणतो. ते म्हणायला माझे ओठ हललेसुद्धा. हाताची मूठ मी तोंडावर दाबून धरली. तशीच पाठ न फिरवता मागे मागे सरकत स्वयंपाकघर, पुढची खोली, उंबरा. दार ओढलं. काहीच म्हणाले नाही.

जीननं घट्ट मिठी मारली. “येटे म्हण की,” ती म्हणाली.

“बाय, जीन,” मी म्हणाले.

६

मेडनहेडला पहिले चार दिवस सामान खोक्यांतच होतं आणि आम्ही जमिनीवर गादी टाकून झोपत होतो. चौथ्या दिवशी सकाळी मी जागी झाले आणि मला कळेना काय वेगळं वाटतंय. काही दुखत नव्हतं. नोव्हेंबरपर्यंत बोटं भरून आली. डिसेंबरात एका किचन शोरूममध्ये अर्धवेळ नोकरी लागली. तिथे इंग्रज नवऱ्याबायकांना ट्रॉलीच्या चाकांबद्दल पटवून देताना मला माझाच आवाज नवा वाटायचा. मंगळवारी, गुरुवारी मी दिवसभर जागी असायचे.

परीक्षितशी माझी खरी ओळख त्या हिवाळ्यात झाली. तो दाढी करताना पाढे म्हणतो. नापास झाल्याची स्वप्नं अजून पडतात त्याला. त्यालाही बहुधा माझ्याबद्दल काय काय कळत होतं. एकदा म्हणाला, “तू विनोदी आहेस हे बायोडेटात लिहायला हवं होतं.”

“लिहिलं होतं. छंद, वाचन.”

मार्चमध्ये जीनचं पोस्टकार्ड आलं. घर पूर्ण झालंय, ईस्टरला उघडतंय, नवऱ्याला घेऊन ये. मी ते मायक्रोवेव्हच्या मागे सरकवलं. त्याला ते सापडलंच.

“जाऊ या ना.”

“काय बघायचंय? भिंत आहे.”

“तुझी भिंत आहे.” तो कार्ड उलटंपालटं करत होता. “त्या सहा महिन्यांत मी तुझ्यावर काय काय संशय घेतला माहितीये? कुणीतरी आहे, इथपर्यंत. तू काय करत होतीस ते मी एकदाही येऊन बघितलं नाही. आता बघू दे.”

असं म्हटल्यावर कसं नाही म्हणायचं? मी एक अट घातली. मी आत येणार नाही, चुन्याच्या वासानं डोकं दुखतं. तो बरं म्हणाला.

रविवार होता, दुपारचे दोन. पार्किंग अजूनही अपुरं. जीन रजेवर होती. टपरीतल्या नव्या बाईंनी एक तिकीट दिलं. मी फाटकाला टेकून उभी राहिले. परीक्षित वाटेनं गेला, उंबऱ्यावर डोकं वाकवून आत शिरला. सहा फुटी माणूस, त्याला त्या घरात सगळीकडे वाकावंच लागणार.

दोन मिनिटं गेली. एक कुटुंब बाहेर आलं. मग आत कुणी दिसेना. आणि मला त्याचा आवाज ऐकू आला. शब्द नाही, नुसता सूर. तो कुणालातरी चिडवत होता. तो सूर त्यानं हिवाळ्यात माझ्यासाठीच तयार केला होता. मध्ये गप्प व्हायचा, ऐकून घेतल्यासारखा, मग हसायचा. मी फाटकाची फळी धरली. हाक मारायची होती, पण त्याच्याबरोबर तिनंही ओ दिली असती तर?

तो बाहेर आला तेव्हा हसू अजून तोंडावर होतं. मला फाटकाशी बघून ते थोडं विरलं. त्यानं मागे वळून दाराकडे बघितलं, परत माझ्याकडे.

“मागून आलीस का?” तो म्हणाला.

“चल, निघू या,” मी म्हणाले.

वाटेत मोटरवेवरच्या सर्व्हिसेसला चहासाठी थांबलो. त्यानं दोन चहा आणले, समोर बसला आणि साखरेच्या पुड्या फाडत म्हणाला, “भारी नाटक केलंस हं. आधी आत येणार नाही म्हणायचं आणि मग तो झगा-बिगा घालून अंधारात उभं राहायचं. मी दचकलोच.”

“पुढे सांग,” मी म्हणाले.

“इतकी दमलेली अ‍ॅक्टिंग. मी त्या अरुंद दारात उभा, तर म्हणे, सरक, मला जाऊ दे. म्हटलं, अशी बरी जाऊ देईन. आधी उखाणा घे.”

“मग?”

“मग काय, घेतलास. तोच आपला.”

‘तोच आपला’ म्हणजे कोणता, हे मला विचारायची गरज नव्हती. लग्नानंतर त्याच्या घरी पहिल्यांदा शिरताना त्याच्या मामेबहिणी दार अडवून उभ्या राहिल्या. आईनं पाठ करून घेतलेला उखाणा मी भीतीनं विसरले आणि उभ्या उभ्या एक जुळवला. व्हिडिओवाला तेव्हा जेवायला गेला होता. तो उखाणा कुठेही नाही. मी परत कधी घेतलेला नाही.

“म्हणून दाखव,” मी म्हणाले.

“मी? बायकांनी घ्यायचा असतो तो.” पण त्यानं म्हटला, हसत, बोटानं टेबलावर ताल धरून. “वेलदोड्याचा चहा, साखर चमचे चार, परीक्षितरावांचं नाव घेते, सोडा आता दार.”

शेजारच्या टेबलावर कुणीतरी खुर्ची मागे ओढली.

“आणि तू काय केलंस?” मी विचारलं.

“काय करणार? नाव घेतल्यावर अडवता येतं का?” तो म्हणाला. “झालो बाजूला.”

माझा चहा समोर होता. कप उचलावा म्हणून मी डावा हात पुढे केला. खांद्यातून ती जुनी कळ आली, आणि तो उचलेना.